न्हाणीतली मोकळी जागा

गेनचो भंतेंच्या न्हाणीचं दार इतकं ठेंगणं आहे की मंत्री आला तरी त्याला गुडघ्यांवर यावं लागेल. मंत्री कशाला येतोय! येतात ते कामो नदीच्या वाळवंटात राहणारे, अंगावर फोड असलेले, घरातून काढलेले, मासळी विकणारे, मढी उचलणारे. दार एवढं ठेंगणं का, असं नवीन माणूस विचारतो, आणि त्याला वाटतं, आता भंते नम्रतेवर काहीतरी सांगतील. भंते म्हणतात, "वाफ पळते म्हणून. शिवाय फळ्या कमी लागल्या."

आमची न्हाणी वाफेची. बाहेर चुलाणावर लोखंडी काईल, तिच्यावर झाकण, झाकणातून निघालेला लाकडी नळा आत फळ्यांच्या जमिनीखाली जातो. फळ्यांना फटी ठेवल्यात. दार लावलं की भर सकाळीसुद्धा आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. बायकांच्या दिवशी आम्ही अंगावर जुनेर घालून भिंतीला धरून गोल बसायचं, प्रत्येकीचं तोंड पुढचीच्या पाठीकडे, हातात कोंड्याची पुरचुंडी. नियम दोनच. कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, आणि पुढची पाठ घासल्याशिवाय सोडायची नाही, मग ती कसलीही असो. तुमची पाठ मागची घासते, तिची तिच्या मागची. असा फेरा पुरा होतो.

पण तो पुरा होत नव्हता. पूर्वेच्या भिंतीशी, सगळ्यात उबदार जागी, भंते गवताची एक गोल चटई टाकून ठेवायचे आणि तिथे कुणालाही बसू द्यायचे नाहीत. "ती राहू द्या," एवढंच म्हणायचे. कुणी म्हणे, बोधिसत्त्वासाठी आहे.

"बोधिसत्त्वाला कसला आलाय मळ?" अकोमे मासळीवाली म्हणायची. "आणि असला तर त्याने तिकडं स्वर्गात धुवावा की! त्याच्यापायी माझी पाठ कोरडी."

तिचं खरं होतं. मोकळ्या जागेच्या पुढे जी बसेल तिची पाठ घासायला कुणी नसायचं. नेमकी अकोमे रोज उशिरा यायची आणि नेमकी तीच जागा तिच्या वाट्याला यायची. मोकळ्या जागेच्या मागे बसणारीला मात्र काहीच काम नसायचं. ती जागा सगळ्यांना हवी होती. मी न्हाणीत कामाला, म्हणून मी ती पटकावली. कुरोमे आळशी आहे, असं बायका म्हणायच्या. मी म्हणू दिलं.

खरं कारण वेगळं होतं. तिथून दार समोर यायचं. दार उघडलं की वाकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीचा डावा खांदा उजेडात दिसायचा. मी एक खांदा शोधत होते.

माझ्या थोरल्या बहिणीचा. तिचं नाव इनुमे, मी तिला आक्का म्हणायचे. आमचं माहेर समुद्राकाठचं, घरी मिठाच्या भट्ट्या. मी चार वर्षांची असताना उकळत्या कढईकडे धडपडले, तेव्हा आक्का मध्ये आली. तिच्या डाव्या खांद्यावर शिंपल्याएवढा, शिंपल्यासारखाच वळ्यावळ्यांचा डाग राहिला. रात्री झोप येईना की मी त्या वळ्यांवरून अंगठा फिरवत पडायचे. पुढे आई गेली. आक्काने मला वाढवलं, राजधानीत आणलं, माझं लग्न लावून दिलं. मी तिला सोडायला तयार नव्हते, म्हणून ती आमच्याच घरात मागावर बसली ती बसलीच.

माझा नवरा ओतोमारू बैल हाकतो, एका बड्या हवेलीत. बैलवाल्यांनी मरेपर्यंत पोरासारखे केस मोकळे सोडायचे, नावही पोरासारखंच लावायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. ओतोमारूला दाढी आली, पोट आलं, गुडघे गेले, तरी अख्खी राजधानी त्याला "ए पोरा" म्हणते. मग मी तरी कशाला अहो-जाहो करू?

गेल्या साली चौथ्या महिन्यात, देवाच्या मिरवणुकीत हवेलीचा बैल निघणार होता आणि त्याची दोरी ओतोमारूच्या हाती येणार होती. बावीस वर्षं त्याने वाट पाहिली होती. मिरवणूक चार दिवसांवर आली आणि आक्काला भरलेला ताप डोक्यात गेला.

घरात माणूस मेलं की तीस दिवस सुतक. सुतकातला माणूस ज्याच्या शेजारी बसेल त्यालाही सुतक, आणि तो जिथे जाईल त्या घरालाही. देवाच्या मिरवणुकीत तर त्याची सावलीही नको. पण कुंपणाबाहेर, उघड्यावर कुणी मेलं, तर त्याचं सुतक कुणालाच नाही. म्हणून शहाणी घरं माणूस मरायच्या आधीच त्याला बाहेर नेऊन ठेवतात. कुणी नोकराला ठेवतं, कुणी विधवा आत्याला. त्याला कुणी वाईट म्हणत नाही. "वेळेवर काढलं," असं म्हणतात.

आम्ही आक्काला वेळेवर काढलं. झुंजुमुंजू होतं. ओतोमारूने फळी डोक्याकडून धरली, मी पायांकडून. वाळवंटात वाळुंजाच्या झाडाखाली चटई घातली, उशाशी पाण्याचं मडकं ठेवलं. ती बेशुद्ध होती, असं मी शेजारणींना सांगितलं. ती शुद्धीवर होती. तिने आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुरो, माझ्या वहाणा घरीच राहिल्या गं. परत चालत कशी येऊ?"

"उद्या आणते," मी म्हणाले.

"नक्की आण. वाळू तापते."

दुसऱ्या दिवशी मी पेंढ्याच्या वहाणा घेऊन गेले. चटई होती, मडकं होतं. आक्का नव्हती.

गेनचो भंते वाळवंटातून धुगधुगी असलेली माणसं पाठीवर घालून आपल्या झोपडीत नेतात, हे सगळ्या राजधानीला ठाऊक होतं. झोपडी तिथून दिसत होती. शंभर पावलं असतील. मी उभी राहिले. जाऊन काय विचारणार? आमची मेलेली बाई जिवंत आहे का, असं? आणि असली तर? तिला घरी आणायची, आणि ती मिरवणुकीच्या दिवशीच गेली तर? मी वहाणा छातीशी खोचल्या आणि परत फिरले.

मिरवणूक झाली. ओतोमारू फार देखणा दिसला, सगळेच म्हणत होते.

त्यानंतर अख्खा उन्हाळा भंते दारोदार लोखंड मागत फिरत होते. फुटके फाळ, वाकडे खिळे, दांडा नसलेल्या कुऱ्हाडी. आमच्याही दारी आले. कान सुपाएवढे, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. हा माणूस विहिरी खणायचा, ओढ्यांवर फळ्यांचे साकव टाकायचा, म्हाताऱ्यांना पेज पाजायचा, आणि हे सगळं असं करायचा की जणू कुणीतरी त्याला मघाशीच रागावलंय आणि तो भरपाई करतोय. मी त्यांना आक्काची जुनी कात्री दिली. हिवाळ्यात काईल ओतून झाली, न्हाणी उभी राहिली, आणि मी जाऊन उभी ठाकले. "काही काम आहे का, भंते?"

"राख चाळता येते?"

"येते."

"मग कोंड्याच्या पुरचुंड्याही बांध," ते म्हणाले. नाव विचारलं नाही. एक दिवस पुरुषांचा, एक दिवस बायकांचा. बायकांच्या दिवशी मी जुनेरं वाटायची आणि मोकळ्या जागेमागे बसून खांदे बघायची. रोज आक्काच्या वहाणा छातीशी खोचून न्यायची आणि रोज परत आणायची. ती जगली असेल तर कधीतरी इथे येईल, असा माझा अंदाज. नदीकाठी गरम वाफ दुसरीकडे कुठेच फुकट मिळत नव्हती.

दुसरा महिना सरत आला होता. नदीतला बर्फ सुटत होता. त्या सकाळी आम्ही सात जणी आत होतो. दार लागलं, वाफ भरली. समोर कुणी नाही हे ठाऊक असूनही चाळा म्हणून मी हात पुढे केला, आणि पुरचुंडी पाठीला लागली.

मला वाटलं, कुणीतरी अंधारात जागा चुकली. नियम तो नियम. घासू लागले. पाठ गार होती. वाफेत बसून कुणाची पाठ गार राहत नाही. जुनेर ओलं होतं, आणि पुरचुंडी फिरवली की खरखर आवाज यायचा. वाळू निघत होती. बारीक, ओली, नदीकाठची. मी पुसावी आणि आणखी यावी. हात डाव्या खांद्यावर गेला, आणि माझ्या अंगठ्याला त्या वळ्या लागल्या.

आधी मला आनंद झाला. हे सांगायला हवं, कारण मागाहून लोक विचारतात, तू घाबरली नाहीस का. मला एवढंच कळलं, की आक्का जगली.

"आक्का," मी हळूच म्हणाले.

ती वळली नाही. तिचे खांदे पुढेमागे हलत होते. हातांना काम असलं की माणसाचे हलतात तसे.

दार उघडलं. उजेडात एकेक जण वाकून बाहेर पडली आणि मी मोजत राहिले. सहा जणी गेल्या. सातवी मी. गोल चटईवर मूठभर वाळू होती.

बाहेर अकोमे केस पिळत उभी होती, उकडलेल्या खेकड्यासारखी लाल.

"आज कोण बसलं होतं गं माझ्या मागं?" ती म्हणाली. "काय हात आहे बाईचा! माझ्या आईनंतर अशी पाठ कुणी घासली नाही. फक्त गार फार. आणि वाळूने घासत होती की काय, सगळी पाठ सोलली."

"तुझ्यामागे बोधिसत्त्वाची जागा," दुसरी एक जण हसली.

"अगं, भास नाही, हात होता! पाच बोटं होती, मी काय येडी आहे?" तिने पाठ वळवून दाखवली. पाठीवर ओरखडे होते आणि ओरखड्यांत वाळू चमकत होती.  अकोमेने जुनेर घट्ट ओढून घेतलं. "चला गं," ती म्हणाली, "मासळी नासेल." त्या दिवशी तिने मासळी आणलीच नव्हती.

पुढच्या खेपेला सगळ्यांनी अकोमेला तीच जागा दिली आणि मला माझी. तीही न बोलता बसली. तिचं असं न बोलणं त्या गार पाठीपेक्षा जास्त अंगावर यायचं. मी घासायची, आक्का घासायची, आणि फेरा पुरा व्हायचा. मी वाळू काढत राहायची, पण ती सरायची नाही. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग सूपभर. मी कानाशी लागून बोलायची. आक्का, मी कुरो. आक्का, इकडे बघ. ती बघायची नाही. माझ्यावर रुसली असती, तर मला समजलं असतं. आक्का रुसली की मान ताठ करायची. इथे मान ताठ नव्हती. दारावर डोळा ठेवून हातातलं काम करणाऱ्या बाईसारखी ती बसायची.

असा चौथा महिना आला. घरोघरी वळचणीला देवाची हिरवी पानं लागली. ओतोमारूला यंदाही दोरी मिळाली होती. तो बैलाच्या शिंगांना तेल लावत गुणगुणायचा. मिरवणूक चार दिवसांवर आली, तेव्हा मी भंतेंना गाठलं.

दुपार होती. ते ओढ्यात कंबरभर पाण्यात उभे राहून साकवाचा खांब रोवत होते. खांबाचा दोर त्यांनी माझ्या हातात दिला.

"भंते, त्या चटईवर कोण बसतं?"

"दोर ताणून धर. कुणी बसत नाही. राखून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"नाव सांगितलं नाही तिने, आणि मी विचारत नाही." त्यांनी खांबाच्या बुडाशी दगड लोटला. "गेल्या साली याच दिवसांत वाळुंजाखाली सापडली. खांद्यावर भाजल्याचा डाग होता. तीन दिवस होती."

"ताप फार होता का?"

"ताप उतरला होता. मी उचललं तेव्हाच उतरला होता. पहाटेच्या दवात पडून छातीत गारठा बसला, त्याने गेली."

ओढा वाहत होता. मी दोर ताणून धरला होता, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं.

"झोपडीत आत यायला तयार नव्हती," भंते म्हणाले. "दाराशीच पडून राहिली. म्हणे, बहीण वहाणा आणायला गेलीय, आत गेले तर तिला दिसायची नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आली होती. लांबून दिसली. हातात वहाणा होत्या. परत गेली."

"रडली का?"

"नाही. म्हणाली, दमली असेल, उद्या येईल." त्यांनी आणखी एक दगड लोटला. "तिसऱ्या दिवशी म्हणाली, भंते, अंगात सगळी वाळू गेलीय, मला न्हायचंय. तेव्हा काईल कुठली? अर्धं लोखंडही जमलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या काहीतरी करू."

"तुम्ही पण उद्याच म्हणालात."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग छातीशी खोचलेल्या वहाणांकडे. त्या वर्षभर तिथेच होत्या. राख चाळताना टोचायच्या.

"हो," ते म्हणाले. "मी पण."

"तुम्हाला दिसते का ती?"

"मला नुसती वाळू दिसते. ती झाडतो. जागा ठेवा म्हणाली होती, ती ठेवतो. सूत्रंही म्हटली, चाळीस दिवस." त्यांनी ओला हात तोंडावरून फिरवला. "तिच्यावर काही परिणाम झाला नाही. ती सूत्राची वाट बघत नाही, बाई."

ती कशाची वाट बघत होती, ते मला ठाऊक होतं. आक्काला घरी चालत यायचं होतं. आणि घरी आली, की ते मरण आमच्या घरचं. वर्षभर नदीकाठी उघड्यावर ठेवलेलं मरण कुंपणाच्या आत येणार, आणि दारावर सुतकाची पट्टी लागणार. तीस दिवस. ओतोमारूची दोरी पुन्हा त्याच्या हाती येणार नाही, यंदा नाही आणि पुढेही नाही. सुतक लपवलं हे कळल्यावर हवेली कशाला ठेवून घेतेय?

"भंते, सुतकाची पट्टी लिहून द्याल?"

"कुणाच्या नावाने?"

"इनुमे."

ते पाण्यातून बाहेर आले आणि वाळुंजाच्या लाकडाच्या पट्टीवर त्यांनी नाव लिहिलं. मला वाचता येतं ते मंदिराच्या पाट्या बघून बघून शिकले, त्यामुळे नाव बरोबर आलंय हे कळलं. हात ओले होते, शाई थोडी पसरली.

दुसरा दिवस बायकांचा होता. दार लागलं, वाफ भरली, गार पाठ हाताला लागली. मी न्हाणीचा नियम मोडला.

"हिचं नाव इनुमे," मी मोठ्याने म्हणाले. "माझी सख्खी बहीण. गेल्या साली मिरवणुकीसाठी मी आणि माझ्या नवऱ्याने हिला वाळवंटात नेऊन ठेवली. ती शुद्धीवर होती. वहाणा मागत होती. दुसऱ्या दिवशी मी लांबून परत गेले."

माझ्या पाठीवर मागच्या बाईचा हात फिरत होता, तो थांबला. आता ही थुंकेल, असं मला वाटलं. आत नुसता वाफेचा फुसफुस आवाज होता. मग पुढून, अंधारातून, अकोमेचा आवाज आला. तिचा वाटेना, इतका बारीक.

"माझा पोरगा होता. सात वर्षांचा. सासू म्हणाली, वेळेवर काढा."

 मागचा हात पुन्हा माझ्या पाठीवर फिरू लागला, जरा जोरात.

"आक्का, चल," मी म्हणाले. "वहाणा आणल्यात."

दार उघडल्यावर मी सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडले. उंबऱ्याबाहेर आक्काच्या वहाणा जोडीने ठेवल्या, टाचा दाराकडे, बोटं रस्त्याकडे. पाठ फिरवली आणि चालू लागले. मागे बघू नकोस, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच छाती झाली नाही.

दहा पावलांवर आवाज सुरू झाला. ओला पेंढा मातीवर बसावा तसा, चपक, चपक. मी थांबले की थांबायचा.

भर दुपारची राजधानी, मिरवणुकीची गडबड. एवढ्या गर्दीतून मी चालले, पण मला कुणाचा धक्का लागला नाही. लोक बाजूला व्हायचे, आणि जरा जास्तच व्हायचे, दोघींना पुरेल इतके. नाक्यावर पानं विकणारी म्हातारी बसली होती. "घ्या, बाई, देवाचं पान," म्हणत तिने एक माझ्या हातात दिलं. दुसरं माझ्या मागे धरलं. "तुम्हीपण घ्या की." हात तसाच धरून राहिली. मग तिचा चेहरा गोंधळला. पान खाली पडलं होतं, आणि त्यावर पाणी ठिबकलेलं होतं.

ओतोमारू अंगणात बैलाचा गोंडा विणत बसला होता. मी पट्टी काढली आणि दाराच्या चौकटीला बांधायला लागले.

"हे काय?"

"सुतक."

"कुणाचं? कोण मेलं?"

"आक्का."

तो हसला. मग हसायचा थांबला. "कुरो, एक वर्ष झालं. वर्षापूर्वी बाहेर मेलेल्या बाईचं सुतक? डोक्यावर पडलीस का? तीन दिवसांवर मिरवणूक आली! मालकांना कळलं तर..."

"ती बाहेर मेली नाही. ती आत्ता घरी आली."

"तुला त्या चिखल्या भिक्षूने खुळं केलंय." तो उठला, पट्टी ओढून काढायला हात वर केला, आणि तसाच राहिला. तो खाली बघत होता.

उंबऱ्याच्या आत पेंढ्याच्या वहाणा होत्या. ओल्या, बोटं घराकडे केलेल्या. त्यांच्याभोवती वाळूचं कडं होतं. मागाच्या दिशेने वाळूची पावलं गेली होती, लहान, उजवा पाय जरा फाकलेला. आक्का तशीच चालायची. आणि मागापाशी, वर्षभर कुणी न हलवलेल्या पाटावर, पाणी झिरपत होतं.

ओतोमारू उंबऱ्याशी खाली बसला. त्याने केस चेहऱ्यावर घेतले, खरंच लहान पोर दिसत होता.

"डोक्याकडून मी धरलं होतं," तो म्हणाला. "सगळी वाट ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ओतो, सावकाश, तुझा गुडघा दुखेल." त्याने बाहीने नाक पुसलं. मग उठला, माझ्या हातातून दोरी घेतली. "असली गाठ मारतात का? वाऱ्याने सुटेल." आणि बैलवाल्याची गाठ मारून पट्टी त्याने घट्ट बांधली. हवेलीत निरोप कुंपणाबाहेरूनच दिला.

त्या वर्षी दोरी दुसऱ्याने धरली. बैल उत्तम चालला म्हणे. ओतोमारूला नोकरी गेल्याचं लागलं नाही तेवढं हे लागलं.

तीस दिवस आमच्याकडे कुणी आलं नाही. अकोमे येऊन गल्लीच्या पलीकडून ओरडायची. "कुरो गं, जिवंत आहेस का? भंतेंनी आता माझ्या पुढंपण एक चटई टाकलीय, लहानशी. मी मागितली." दहा दिवसांनी म्हणाली, "पाच चटया झाल्या. जिवंत बायकांना बसायला जागा नाही. भंते भिंत मागे सारतायत." मग हळूच, "काल हाताला लागला गं माझ्या. कान लागला." आणि निघून गेली.

घरात रोज सकाळी वहाणा उंबऱ्याच्या आत असायच्या, बोटं घराकडे. भोवती वाळू. मी झाडायची. पहिल्या दिवशी सूपभर निघाली, मग ओंजळभर, मग मूठभर. ओतोमारू रोज शेजारी उभा राहून विचारायचा, "आज किती?" मी दाखवायची. तो मान हलवायचा आणि पेजेचा तिसरा वाडगा मागापाशी नेऊन ठेवायचा. पेज कमी व्हायची नाही, फक्त लवकर गार व्हायची. एकोणतिसाव्या दिवशी चिमूटभर वाळू होती. ती मला झाडवेना. तशीच ठेवली.

तिसाव्या दिवशी उजाडताच मी केरसुणी घेऊन गेले. उंबरा स्वच्छ होता. वहाणा कोरड्या होत्या. त्यांचे तळवे झिजले होते, वर्षभर मी छातीशी जपलेल्या नव्या कोऱ्या वहाणांचे. आणि कुणीतरी त्या फिरवून ठेवल्या होत्या. टाचा घराकडे, बोटं रस्त्याकडे.

"तू फिरवल्यास का?" मी विचारलं.

"मी कशाला हात लावतोय?" ओतोमारू म्हणाला.

तो पट्टी सोडायला गेला. गाठ इतकी घट्ट बसली होती की त्याला दात लावावे लागले. मी केरसुणी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. झाडायला काही नव्हतं.